बांध

अमेरिकेत घर घेतलं की पहिली दोन वर्षं माणसाचा पैसा घराच्या आत जातो. पडदे, सोफा, देवघर, पाहुण्यांच्या खोलीतला पलंग. तिसऱ्या वर्षी कधीतरी नजर खिडकीबाहेर जाते आणि लक्षात येतं, की आपण नुसतं घर नाही, जमीनही घेतली आहे. लहान का असेना, पण जमीन! ज्यांच्या मागच्या कितीतरी पिढ्या नांगरामागे चालल्या आणि जे स्वतः मात्र आयुष्यभर कीबोर्ड बडवत बसले, त्यांच्या हातांना मग खाज सुटते. कोणी टोमॅटो लावतो. कोणी कढीपत्त्याची कुंडी थंडीत आत आणि उन्हाळ्यात बाहेर करत त्या रोपाची पोटच्या पोरासारखी उस्तवार करतो. मी घराच्या दर्शनी बाजूला फुलांचा वाफा केला आणि त्याला काँक्रीटची कड घातली. चाळीस फूट.

हा लेख त्या चाळीस फुटांबद्दल आहे. बागकामाच्या टिपा हव्या असतील तर त्याही मिळतील, पण खरं सांगायचं तर ती कड घालताना एक प्रश्न डोक्यात शिरला आणि तो अजून तिथेच आहे. जमिनीवर पक्की रेघ ओढायचा हक्क माणसाला कशाने मिळतो? पैसे मोजले म्हणून? कागदावर नाव आहे म्हणून? की तिथे घाम गाळला म्हणून? आपल्यापैकी बऱ्याच जणांची नावं आज दोन देशांतल्या जमिनींवर आहेत. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा.

आधी मातीबद्दल. आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. या पट्ट्याला 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणतात आणि नाव अगदी खरं आहे. पहिल्यांदा फावडं मारलं तेव्हा वर आली ती आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या रानातलीच माती! तशीच काळी, तशीच चिकट, पावसात बुटांना लगदा होऊन लागणारी, आणि उन्हाळ्यात तशाच भेगाळणारी. मृदाशास्त्राची पुस्तकं या दोन्ही मातींना एकाच वर्गात बसवतात, 'व्हर्टिसॉल'. लॅटिनमध्ये त्याचं मूळ उलथण्याशी आहे. कोरड्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसात सगळं फुगतं आणि खालचं वर येतं. काळी जमीन आपली आपणच नांगरते असं म्हणतात ते हेच. दोन्हीकडे कापूस पिकला तोही याच मातीवर. इथली घरं बहुधा जमिनीवरच ओतलेल्या स्लॅबवर उभी असतात आणि उन्हाळ्यात माती आक्रसून पाया हलू नये म्हणून लोक घराभोवती झिरपणारी नळी टाकून जमिनीला पाणी देतात. गावी दादाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हितं पिकाला पानी न्हाई, आन् तुमी घराला पाजताय व्हय!"

तर अशा मातीत मी वाफा केला. झेंडू, लॅन्टाना, दोन गुलाब आणि तुळस. महिन्याभरात त्यात पाहुणी आली. आमच्या भागात बरीचशी लॉनं 'बर्म्युडा ग्रास'ची असतात. ते गवत बर्म्युडाचंही नाही आणि अमेरिकेचंही नाही, ते जुन्या जगातून इथे आलं. आपण त्याला हरळी म्हणतो. आणि गणपतीच्या दहा दिवसांत तीच हरळी दूर्वा होते. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या आदल्या दिवशी दूर्वांसाठी फोनाफोनी होते, एकवीस जुड्या कुणाकडे मिळतील म्हणून, आणि खरं तर आपण सगळे दूर्वांवरच गाडीचं चाक चढवत असतो! (लॉनवर तणनाशक फवारलेलं असतं, ते देवाला कसं वाहणार, हा मुद्दा रास्त आहे. त्यासाठी मी मागच्या अंगणात एक कोपरा न फवारता राखला आहे. आदल्या दिवशी फोन करून या.)

म्हणजे पाहा, गवत एकच. वाफ्याच्या रेघेच्या त्या बाजूला ते लॉन, म्हणून त्याला खत-पाणी. या बाजूला ते तण, म्हणून उपटायचं. आणि मागच्या कोपऱ्यात त्याला हळद-कुंकवाचा मान. हरळी तीच आहे, मी आखलेल्या रेघेप्रमाणे तिची जात बदलते. हे नुसतं गमतीदार आहे असं मला आधी वाटायचं. हल्ली ते थोडं बोचतं.

हरळीपासून वाफा वाचवायचा तर कड घालणं भाग होतं. प्लॅस्टिकची पट्टी आमच्या उन्हात वाकडी होते आणि काळी माती फुगली की वर उचलली जाते. नुसत्या विटा लावल्या तर दोन विटांमधल्या फटीतून हरळी डोकावते. म्हणून काँक्रीट. इथे चालत्या यंत्राने सलग कड ओतून देणारे लोकही मिळतात आणि त्यांचं काम सुरेख असतं. पण मला ते हाताने करायचं होतं. का, ते पुढे येईलच.

काम फार कठीण नाही, कष्टाचं मात्र आहे. खणण्याआधी ८११ नंबरला फोन करायचा. मग जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइनी रंगाने खुणावून मिळतात. ही सेवा फुकट आहे आणि ती टाळण्यात शहाणपण नाही. स्प्रिंक्लरचे पाइप मात्र आपले आपणच शोधायचे. बागेची रबरी नळी जमिनीवर टाकून हवा तसा बाक देऊन बघायचा, घरासमोर रस्त्यावर उभं राहून, आत खिडकीतून, आणि बायकोला विचारून. बाक ठरला की सहा इंच रुंद आणि सहा इंच खोल चर. तळ चांगला धुमसायचा. दोन्ही बाजूंना पातळ, वाकणाऱ्या फळ्या लावून त्यांना खुंट्यांचा टेकू द्यायचा, जमिनीच्या दोन इंच वर येतील अशा. म्हणजे उंची एकूण आठ इंच. चाळीस फुटांना तेरा घनफुटांहून थोडा जास्त माल लागतो. तयार मिश्रणाची ऐंशी पौंडांची थैली ०.६ घनफूट भरते. हिशेब करा, तेवीस थैल्या होतात. साडेआठशे किलोच्या आसपास. माझ्या वयाच्या माणसाने हे दोन शनिवारांत विभागून करावं.

थैलीमागे तीन लिटरच्या आत पाणी. इथे प्रत्येकाचा हात सैल सुटतो, कारण पातळ माल ओतायला सोपा असतो. पण पाणी जितकं जास्त तितकं काँक्रीट कच्चं. गावी आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा वडील दिवसभर मिक्सरपाशी उभे होते. शिकले होते चौथी, पण पाण्याच्या बादल्या मोजत होते. मालात मी दोन पातळ सळ्या टाकल्या, कारण काळ्या जमिनीवर काँक्रीट तडकणारच, आणि सळ्या असल्या की तडकलेले तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. ओतून झाल्यावर थापीने वरचं अंग गुळगुळीत केलं. दर तीन-साडेतीन फुटांवर दोन इंच खोल चीर पाडली. या चिरा म्हणजे काँक्रीटला दिलेली परवानगी. तडकायचं असेल तर इथे तडक, बाबा, वाटेल तिथे नको. कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

आणि मग पाणी मारणं. इथल्या शेजाऱ्यांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की स्लॅबला पाणी मारावं लागतं, वर मातीची आळी करून पाणी तुंबवावं लागतं. सिमेंट वाळत नाही, ते पाणी धरतं आणि त्या पाण्याशी संयोग होऊन दगड बनतं. ताकद मोजायचा रिवाज अठ्ठावीस दिवसांनी, पण ते पुढेही वर्षानुवर्षं थोडं थोडं पक्कं होत राहतं. मी आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ ओलं गोणपाट बदलत होतो. समोरचे गृहस्थ रोज कुत्रा फिरवताना थांबून बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला वाढवताय का?

सिमेंटचं एक लगेच सांगून टाकतो. आज जगभर वापरतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ साली घेतलं. आणि सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते, त्यामुळे माणसाच्या एकूण कार्बन डायॉक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या या धंद्यातून येतो. माझ्या तेवीस थैल्या त्यात कुठल्या कोपऱ्यात बसतात कोण जाणे, पण त्या बसतात. फुलांच्या वाफ्यासाठी हा सौदा बरोबर आहे का, हा वेगळा लेख होईल.

माझा प्रश्न वेगळा होता, आणि तो दादामुळे पडला. कड पुरी झाल्यावर मी त्याला फोटो पाठवला. लगेच फोन आला. "चांगला दिसतुय. पर आरं, सिमिटाचा बांध घातलास, आता कोरायचा कसा?"

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेतकरी घरातून आलेल्यांना फोड करून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दोन शेतांमधला मातीचा उंचवटा म्हणजे बांध. दर वर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूने चार बोटं आत घेतली तर दहा वर्षांत बांध हातभर सरकतो. याला बांध कोरणं म्हणतात. महाराष्ट्रात या चार बोटांसाठी डोकी फुटली आहेत, सख्ख्या भावांनी तीस-तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि ज्या जमिनीसाठी भांडण ती वकिलाच्या फीत गेली आहे. हे सगळं खरं. पण मला बांधाची दुसरी बाजूही आठवते. बांध हा रुंद असतो. त्यावर बोर असते, बाभळ असते, आमच्या बांधावर आंबा आहे. जनावरांना गवत तिथलंच. दोन शेतांतली माणसं दुपारची भाकरी बांधावरच सोडतात. बांध दोघांमध्ये असतो आणि दोघांचाही असतो. आणि मुख्य म्हणजे तो राखावा लागतो. पावसात वाहून गेला की कुणीतरी पाटी-खोरं घेऊन तो परत धरायचा. जो बांध धरत नाही त्याचा बांध राहत नाही. म्हणजे मातीच्या बांधाने सांगितलेला हक्क दर पावसाळ्यानंतर नव्याने सांगावा लागतो.

माणसाला ही कटकट नको असते. त्याला एकदाच काय ते पक्कं करून मोकळं व्हायचं असतं. शिलाहारांच्या काळात कोकणात दान दिलेल्या जमिनीवर दगड रोवत. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत, आचंद्रार्क. आणि खाली, जो हे मोडील त्याच्या आईच्या नावाने गाढवाची शिवी, चित्रासकट! याला गधेगाळ म्हणतात. अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा मानतात आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तोही गधेगाळच. आपल्या भाषेच्या पहिल्यावहिल्या लेखनात हद्द आणि शिवी एकत्र नांदतात, याचं मला नवल वाटत नाही. दगडाला स्वतःची राखण करता येत नाही, म्हणून शिवी लागते.

इथे टेक्सासातही तेच झालं. १८७४ साली इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि दहा वर्षांच्या आत मोकळ्या कुरणांवर कुंपणं पडली. ज्यांची गुरं पाण्यापर्यंत जाऊ शकेनात त्यांनी रात्री पकडी घेऊन तारा कापायला सुरुवात केली. १८८३ चा हा कुंपण-संघर्ष. शेवटी १८८४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. तार कापणं गंभीर गुन्हा ठरवला, आणि त्याबरोबर कुंपण घालणाऱ्यालाही सांगितलं की दर तीन मैलांना फाटक ठेव आणि ते दुरुस्त राख. या कायद्याचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. रेघ ओढलीस ना, मग तिची चाकरीही कर.

माझ्या कडेनेही मला तेच शिकवलं, सिमेंटची असूनही. हरळी दोन तऱ्हांनी पसरते, जमिनीखालून काशांनी आणि जमिनीवरून धावत्या फांद्यांनी. खालच्या बऱ्याचशा काशा सहा इंचांच्या काँक्रीटला अडतात. पण वरच्या फांद्या? त्या उन्हात तापलेल्या कडेवरून रांगत, दोन इंचांची भिंत उतरून बिनदिक्कत वाफ्यात येतात. जून-जुलैत दहा दिवस लक्ष दिलं नाही की कड दिसेनाशी होते. म्हणजे कड हरळीला थोपवत नाही, कुठे कापायचं ते मला दाखवते, एवढंच. कापायचं मलाच. दर दुसऱ्या रविवारी मी कात्री घेऊन चाळीस फूट वाकून चालतो. ही कड माझी आहे असं म्हणायला माझ्याकडे घराचं खरेदीखत आहे, पण मला त्या खतापेक्षा हे रविवारचं वाकणं जास्त खरं वाटतं. हाताने करायचं होतं ते याचसाठी.

आता अवघड भाग.

सोलापूर जिल्ह्यातली आमची नऊ एकर जिरायत. वडील गेल्यावर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली. अक्का, दादा आणि मी. सातबाऱ्यावरचं नाव ही मोठी विलक्षण चीज आहे. इंग्रजांची मोजणी १८३०च्या दशकात आमच्याच जिल्ह्यातल्या, तेव्हा पुण्याकडे असलेल्या, इंदापुरापासून सुरू झाली असं सांगायचा माझा मोह होता, पण इंदापूर आजही पुणे जिल्ह्यातच आहे. शेजारचा तालुका, एवढंच खरं. त्या मोजणीपासून कागदावरचं नाव बांधापेक्षा पक्कं झालं. त्याला पाऊस लागत नाही. मी सत्तावीस वर्षं इथे आहे, पण माझं नाव तिथे तसंच घट्ट. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र ठेवता येते. त्यामुळे ते नाव एकदा गेलं की गेलं, म्हणून आपण सगळेच ते धरून बसतो.

गेल्या वर्षी दादाला विहिरीसाठी आणि ठिबकसाठी कर्ज काढायचं होतं. सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात, तो वैतागला, आणि त्याने अक्काकडे हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. रिवाजच आहे. बहिणीने सही करायची आणि साडी-चोळी घ्यायची. माहेर तुटू नये म्हणून बहिणी करतातही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला, पण कायदा गावात पोचतो तो बऱ्याचदा अशा मसुद्याच्या रूपात.

अक्काने मला फोन केला. आधी मुलांची चौकशी, माझ्या गुडघ्याची चौकशी. मग म्हणाली, "तुला आलाय का रं कागद?"

"नाही."

"मग मलाच का?" आणि मी काही बोलायच्या आत, "मी करीन सही. करायचीच असती. पर आदी इचारायचं तरी का न्हाई?"

मंडळी, हा प्रश्न मी दादाच्या विरुद्ध मांडत नाही. दादाची बाजू पक्की आहे. तो ती जमीन पस्तीस वर्षं कसतो आहे. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी हजारो कुळांना मालक केलं ते 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वावर, आणि न्यायाला धरून होतं ते. जॉन लॉक नावाच्या इंग्रज विचारवंतानेही सतराव्या शतकाच्या अखेरीस असंच काहीसं मांडलं, की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. (त्याच विचाराने इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी "पडीक" ठरवल्या गेल्या, हेही विसरू नये.) दादाचं आणखी म्हणणं असं, की अक्काच्या लग्नात खर्च झाला, तो तिचा वाटा. मी त्याला विचारलं, माझ्या इंजिनिअरिंगची फी कुठून आली? दुभती म्हैस आणि दोन वर्षांची ज्वारी विकून. तो माझा वाटा का नाही धरला? यावर तो "तुजं येगळं" म्हणाला. वेगळं काय, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पण श्रमाचाच हिशेब करायचा म्हटला तर तो नीट करू या. उन्हाळ्यात नांगरट झाली की ढेकळांतून हरळीच्या काशा वेचाव्या लागत. एक कांडं राहिलं तरी पावसाळ्यात पुन्हा सगळं रान हिरवं. हे काम कधीच पुरुषांचं नव्हतं. आई आणि अक्का वैशाखाच्या उन्हात पाट्या भरभरून काशा वेचत आणि बांधावर टाकत. अक्काने हे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत केलं. शिवाय खुरपणी, काढणी, वेचणी. मी सातवीनंतर वसतिगृहात गेलो. सुटीत यायचो तेव्हा आई म्हणायची, त्याला अभ्यास करू द्या. त्या नऊ एकरांत तिघांपैकी सगळ्यात कमी घाम माझा पडला आहे. आणि कागद मला सोडून तिला गेला.

टेक्सासातल्या चाळीस फुटांत माझा जेवढा घाम आहे तेवढा त्या नऊ एकरांत नाही. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, कारण ते रान म्हणजे मी, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आहे. ते प्रेम खोटं नाही. पण प्रेम म्हणजे बांध धरणं नव्हे.

म्हणून मी दादाला कळवलं की माझे तीन एकर तुझ्या नावे सोडतो. ह्यूस्टनच्या कॉन्सुलेटमधून मुखत्यारपत्राचे सोपस्कार करायचे की स्वतः जाऊन दुय्यम निबंधकांपुढे सही करायची ते बघू. पण अक्कापुढे कागद ठेवायचा नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर राहील, तिचे तीन एकर तू वाट्याने कर आणि माल तिच्या घरी पोच कर.

घरातही सांगावंच लागलं. बायको म्हणाली, "सोडणं तुला सोपं आहे. तुझं तिथे एक ढेकूळही अडलेलं नाही. याला उगीच त्याग म्हणू नकोस." म्हणणार नाही. दोन्ही मुलांनाही समोर बसवून विचारलं, कारण अक्काचं म्हणणं तेवढंच होतं, आधी विचारा. मुलगा खांदे उडवून मोकळा झाला. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण बाबा, आत्याने जर सगळ्यात जास्त काम केलं असेल, तर तुझे तीन एकर आत्याला का नाही देत?"

मी सांगितलं की काका आज तिथे आहे, उद्याही असेल, पाऊस पडला की बांध धरायला तोच जाणार. आत्याचं ते तिला मिळतं आहे. मुलीला हे उत्तर पुरेसं वाटलेलं नाही, आणि तिच्याशी वाद घालताना माझ्या लक्षात येतं की माझा हिशेब एकदा घामावर चालतो आणि एकदा हजेरीवर. दोन्ही मापं मला खरी वाटतात. ती दर वेळी एकच उत्तर देत नाहीत.

दादाचं काय? "अक्काचं नाव राह्यलं तर उद्या तिची पोरं येतील वाटणी मागायला," तो म्हणाला.

"येतील. त्यांची आहे."

मग पंधरा दिवस फोन नाही. त्या पंधरा दिवसांत इथे पहिला चांगला पाऊस झाला आणि कडेला तडा गेला, बरोबर तिसऱ्या चिरेत, जिथे जायला हवा होता तिथेच. सळ्यांनी दोन्ही तुकडे धरून ठेवले आहेत. सोळाव्या दिवशी दादाचा फोन आला. तोंडभर होकार नव्हता. मोजणीचा अर्ज केलाय म्हणाला, तारीख लागली की कळवतो, तू असलास तर बरं, हद्दीच्या खुणा तिघांसमोर घालू. मी येतो म्हटलं.

अक्कालाही त्यानेच कळवलं, आणि विचारलं की तुला कुठली बाजू पाहिजे. तिला आंब्याच्या बांधाकडची पाहिजे.